तेलघाण्याच्या घरचं कोरडं डोकं

आमच्या घरात तेल कशाला नव्हतं, ते विचारा! दाराच्या कडीला होतं, ओट्याच्या फरशीला होतं, बाबांच्या धोतराला आणि मायच्या बांगड्यांना होतं. माझी शाळेची पुस्तकं तर दिवाळीपर्यंत अशी आरपार दिसायला लागायची की कविता पाठ करताना तिच्याखालून पुढच्या पानावरचा बेडूक डोकवायचा. घराच्या पुढच्या पडवीत लाकडी घाणा होता. डोळ्यांना झापडं बांधलेला आमचा बैल सकाळपासून त्याच्याभोवती फिरायचा आणि घाणा कुईंऽऽ कर्रर्र, कुईंऽऽ कर्रर्र करत राहायचा. त्या आवाजावरून बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं, त्यामुळे आमच्या घरात साधं 'मीठ दे' हे वाक्यसुद्धा चार घरं ऐकायची. करडई निघाली की एक वास, तीळ आले की दुसरा, जवसाचा तर अगदीच वेगळा, जरासा उग्र. ताजं, अजून कोमट असलेलं तेल वाटीत घ्यायचं, त्यात तिखट-मीठ आणि कच्चा कांदा, आणि त्यात ज्वारीची भाकरी बुडवून खायची. या वयात डॉक्टरांनी मला तेल मोजून खायला सांगितलंय. मी मान डोलावते आणि घरी येऊन ती वाटी आठवते.

आणि अशा घरात, जिथे मांजरसुद्धा चकचकीत होतं, माझं एकटीचं डोकं कोरडं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. केस लांब होते, दाट होते, पण हात लावला तर चरचरायचे. वेणी घातली तर ती पाठीवर पडून न राहता एका बाजूला वाकडी उभी राहायची. कंगव्याचे दात तुटायचे आणि मायची बोलणी मला बसायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळकी झाडं उभी राहतात त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात, आणि शाळेत माझं नाव पऱ्हाटीच पडलं होतं. मला वाईट वाटायचं, पण बाबांना माझ्याहून जास्त लागायचं. एकदा एका बाईनं आमच्या तिळाच्या तेलाची बाटली उन्हात धरून पाहिली, मग ओट्यावर अभ्यास करत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि बाटली हळूच जागेवर ठेवून दिली. बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "सुमे, गिऱ्हाइकाच्या वख्ताले तू डोक्यावर रुमाल बांधत जाय व."

असं सगळं चाललेलं असताना आमच्या शाळेत पाठक बाई आल्या. त्या बुलढाण्याच्या, बोलायला शुद्ध, आणि अंगात नाटकाची भारी हौस. गॅदरिंगसाठी त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. मेघावती नावाची राणी, तिला भर दरबारात केस धरून ओढत आणणारा विक्राळ सेनापती, आणि शेवटी राणीची शपथ: याचा पाडाव होईपर्यंत मी वेणी घालणार नाही, केसांना तेलाचा थेंब लावणार नाही. बाईंनी वर्गात ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला ती राणी व्हायचंच होतं! त्याआधी आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीसाठी इतकी तळमळले नव्हते. आवाज तर माझा घाण्यावर कमावलेला. मी शपथ म्हटली तेव्हा शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून पाहायला आले. बाई खूश झाल्या, आणि म्हणाल्या, "आता रिबीन सोड पाहू. शपथ घेताना राणीचे केस एका झटक्यात मोकळे होऊन खाली पडले पाहिजेत." मी रिबीन सोडली. केस पडले नाहीत. वेणीचा पीळ तसाच राहिला, मी मान झटकली तेव्हा तो अर्धवट उकलला आणि केस कानांच्या वर दोन्ही बाजूंना फुलून उभे राहिले. वर्ग हसून हसून बाकांवर पडला. बाई हसल्या नाहीत, पण विचारात पडल्या. माझ्याच वर्गातल्या विमलचे केस रेशमासारखे होते, आवाज मात्र कोंबडीच्या पिलाचा. बाई म्हणाल्या, "संक्रांतीनंतर मी पुन्हा बघेन. सुमन, तुझे केस खाली उतरले तर तू, नाहीतर विमल."

मी घरी येऊन भोकाड पसरलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घाणा थांबवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "एवढंच ना?" ते म्हणाले. "तेलवाल्याच्या घरी तेलाले काय तोटा हाय काय? पाह्य तू आता!" आणि तेलाची मोहीम सुरू झाली. तीळ झालं, करडई झालं, जवस झालं, शेवटी कुठूनतरी एरंडेल आणलं. बाबा स्वतः वाटी घेऊन बसायचे आणि डोक्यावर अशी धार सोडायचे की ती मानेवरून पोलक्यात उतरायची. दुसऱ्या दिवशी माय साबणानं ते काढायला बसायची. साबणाला फेस म्हणून येत नसे, नुसता दह्यासारखा पांढरा साका केसांत अडकायचा. तो वाळला की केस आधीपेक्षा कडक. मग बाबा म्हणायचे, तेल कमी पडलं. पुन्हा तेल, पुन्हा साबण, पुन्हा साका. दुसऱ्या कुठल्या घरात एव्हाना कुणीतरी म्हटलं असतं की बाप्पा, हा उपाय राहू द्या. पण आमचं घर तेलाचं. दार करकरलं तर तेल, पोट दुखलं तर तेल, बैल लंगडला तर तेल. तेलानं बरं होत नाही असं जगात काही असतं, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. माझी नात आता केसांना काहीबाही लावून व्हिडिओ कॉलवर मला दाखवते आणि विचारते, "आजी, अजून एक बाटली घेऊ का?" तेव्हा मला बाबांची ती धार आठवते आणि मी ओरडते, आधी हात आवर!

इथे आमच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. वडनेर भोलजीपासून पूर्णेच्या बाजूला आत गेलं की खारपाणपट्टा लागतो. आमचं गाव त्यातलं. विहिरीला पाणी भरपूर, पण तोंडात घ्याल तर थुंकाल. प्यायचं गोड पाणी दूरच्या एका विहिरीवरून बैलगाडीत टाकी ठेवून यायचं, आणि त्यातलं एक भांडं माय डाळीसाठी वेगळं काढायची. कारण आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. दिवसभर उकळा, दाणा तसाच टणक. हे आम्हाला जन्मापासून माहीत, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

पौषात माझी आत्या जानेफळहून चार दिवस राहायला आली. जानेफळ तिकडे मेहकरकडे, उंचावर, पाणी गोड. माय शेतात गेली होती म्हणून आत्यानं हौसेनं स्वयंपाक करायला घेतला, आणि सरळ आडातलं पाणी शेंदून डाळ चुलीवर चढवली. मी तेव्हा नुकतीच न्हाऊन, डोक्याला पंचा गुंडाळून चुलीशी केस वाळवत बसले होते आणि मनातल्या मनात विमलला शिव्या घालत होते. आत्या डाळ ढवळतेय, लाकडं सारतेय, पुन्हा ढवळतेय. माय आली, तिनं पातेल्यात डोकावलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अवं वन्सं, आडाचं पानी घातलं काय? आता उद्यापर्यंत शिजवा!" आत्या चिडली. "हे कसलं पानी व बाई! डाळीलेही नरम होऊ देत नाई!"

मी ताडकन उठले. पंचा चुलीत पडता पडता वाचला. आत्याची वेणी माझ्या नाकासमोर होती, जाड, मऊ, कमरेपर्यंत सरळ उतरलेली. आणि आत्या डोक्याला लावायची ते तेल आमच्याच घाण्याचं, दर दिवाळीला बाबा डबा भरून पाठवायचे तेच! घाणा एकच, तेल एकच, रक्तही एकच. वेगळं होतं ते पाणी. सुट्टीत जानेफळला गेले की माझे केसही थोडे नरम व्हायचे, पण त्याला आम्ही सगळे हवापालट म्हणायचो. मी ओरडले, "आत्या! ज्या पान्यात डाळ शिजत नाई, त्याच्यात माहे केस कसे शिजतीन?" घाण्याच्या आवाजाच्याही वर, सगळ्या घरात ते वाक्य घुमलं. बाबा पडवीतून धावत आले. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. "म्हणजे," ते म्हणाले, "माह्या तेलात खोट नाई!"

पण गोड पाणी डोक्यावर ओतायचं, ही गोष्ट मायच्या पचनी पडेना. "लोक घोटभर पान्यासाठी गाडी जुंपते, अन् तू डोकं धुशीन? पाप लागन." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. टाकीतलं पाणी मोजकं. पिण्याचं कमी करता येत नाही. उरलं काय, तर डाळीचं. आणि बाबांना तर दुपारी वरण नसेल तर जेवण झालं असं वाटायचंच नाही. भातावर वरण, भाकरीबरोबर वरण, शेवटी वाटी तोंडाला लावून वरण. सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबांनी एकदा पातेल्यातल्या त्या टणक डाळीकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गॅदरिंग होईपर्यंत वरण बंद. डाळीचं पानी पोरीच्या डोक्याले." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्याकडे तशी पद्धत नव्हती, म्हणून मी बैलाच्या गळ्यात पडले.

मग रोज डाळीचं पाणी एका घागरीत साठू लागलं आणि आम्ही पिठलं, ठेचा, झुणका, वांग्याचं भरीत, पुन्हा पिठलं असं खाऊ लागलो. बाबा जेवताना एकदा सवयीनं वाटी पुढे करायचे आणि गुपचूप मागे घ्यायचे. घागर भरली तो दिवस! आत्यानं मुक्काम वाढवलाच होता, सगळी सूत्रं तिनं हातात घेतली. सकाळी तिळाचं तेल कोमट करून फक्त तळहात ओला होईल एवढंच घेतलं. बाबा "अजून घे, अजून घे" करत होते, त्यांना तिनं पडवीत पिटाळलं. मूठभर जवस गोड पाण्यात उकळले. त्यांचा चीक सुटला, तो फडक्यातून पिळून काढला आणि गार झाल्यावर केसांना टोकांपासून वर लावला. रिठे आणि शिकेकाई पितळी पातेल्यात भिजत होतीच. आत्यानं पहिला तांब्या ओतला, हात फिरवला, आणि फेस आला! पांढरा, हलका, बोटांमधून निसटणारा फेस. आमच्या घरच्या न्हाणीत तो मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मी किंचाळले, माय धावत आली, शेजारची कौसाकाकू कुडावरून डोकावली. धुऊन झाल्यावर आत्यानं पंच्यानं खसाखसा पुसू दिलं नाही, मायचं जुनं मऊ लुगडं घेतलं आणि केस त्यात नुसते दाबले. अर्धवट ओले असताना लाकडी फणी घेऊन टोकांचा गुंता आधी काढला, मग मधला, मग मुळांकडचा. आजही मला कुणी कोरड्या केसांचं विचारलं तर मी हेच सांगते, आणि वर विचारते की तुमच्याकडे पाणी कसं आहे? लोकांना वाटतं म्हातारी विषय बदलते आहे.

केस वाळले. मी मान हलवली, आणि ते हलले! माझ्याबरोबर हलले! मी अंगणात गिरक्या घेत सुटले, कौसाकाकू माझ्यावरून कानशिलावर बोटं मोडत होती, माय "दृष्ट लागन व" म्हणत मीठ-मोहऱ्या शोधत होती. लगेच सगळं रेशीम झालं असं नाही, पण दर न्हाण्याला ते ऐकू लागले. संक्रांतीनंतर बाईंसमोर मी रिबीन सोडली. वेणी आपोआप उकलली आणि केस पाठीवरून खाली, कमरेपर्यंत उतरले. वर्गात कुणीही हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मेघावती सापडली." विमलला दासीचं काम मिळालं आणि खरं तर तिला सुटल्यासारखं झालं.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. सगळं गाव आलं. मी मायचा शालू नेसून, टिकल्यांचा मुकुट घालून वर्गात तयार बसले होते, एवढ्यात खिडकीशी बाबा उभे. हातात वाटी. "सुमे, इकडे ये. जराकसंक." मी म्हटलं, बाबा, आता नको! "अवं, उन्हात चमकलं पाह्यजे ना! सारं गाव पाहून राह्यलं. आपल्या घाण्याचं हाय." त्यांचे डोळे असे लकलकत होते की माझ्याच्यानं नाही म्हणवेना. मी खिडकीबाहेर डोकं काढलं. जराकसंक म्हणजे बाबांचं जराकसंक!

दरबार भरला. विक्राळ झालेला आमच्या वर्गातला गुलाब दाढी लावून गरजत आला, त्यानं माझे केस पकडले आणि जोरात ओढले. त्याच्या मुठीतून केस सर्रकन निसटले, तो मागच्या मागे सिंहासनावर आपटला आणि राजासकट सिंहासन कोसळलं. गाव खो खो हसायला लागलं. गुलाब उठून पुन्हा आला, पुन्हा धरले, पुन्हा निसटले. आता तो आपला हात धोतराला पुसत होता आणि मागे बाया हसून डोळे पुसत होत्या. विंगेत पाठक बाईंनी डोक्याला हात लावलेला मला दिसला. एवढ्या दिवसांची सगळी धडपड, आणि मी गावाची करमणूक होऊन राहिले होते. तरी मी पुढे आले, घाण्यावरचा आवाज काढला आणि म्हटलं, "ऐका! या दुष्टाचा पाडाव होईपर्यंत मी वेणी घालणार नाही! या केसांना तेलाचा एक थेंबसुद्धा लावणार नाही!" आणि त्याच क्षणी माझ्या कपाळावरून तेलाचा एक ओघळ नाकापर्यंत आला. मांडवातून पोस्टातले भगवानकाका ओरडले, "मंग उद्यापासून घाना बंद काय हो?"

आता जे हसू फुटलं त्यानं मांडव हलला. आणि त्या गर्दीत माझे बाबा उठून उभे राहिले. गिऱ्हाइकाशीसुद्धा हात जोडून बोलणारा माणूस. टोपी हातात, मान ताठ. "बंद!" ते ओरडले, त्याच घाण्यावरच्या आवाजात. "उद्या घाना बंद! झालं? आता पोरगी बोलून राह्यली, तिले बोलू द्या!"

पटांगण चिडीचूप झालं. मी ओघळ पुसला नाही. शपथ पहिल्यापासून म्हटली, आणि या वेळी ती पाठ केलेली नव्हती. शब्द कुठून येत होते मला माहीत नाही. रिबीन सोडली, केस पडले, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. पडदा पडला तरी कुणी उठेना.

आम्ही घरी निघालो. वाटेत बाबा म्हणाले, "सुमे, हे शपथ सुटते कधी?" मी म्हटलं, दुसऱ्या अंकात. "तो कधी हाय?" मी म्हटलं, बाईंनी अजून लिहिला नाही, पुढच्या वर्षी करू म्हणाल्या. बाबा रस्त्यात थांबले, हिशोब केल्यासारखं बोटांकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या घेऊन माणसं ओट्यापाशी उभी होती आणि बाबा घाण्याला पाठ करून बसले होते. "आज नाई," ते सांगत होते. "उद्या या." माय आतून तणतणत आली. "अहो, नाटक होतं ते! नाटकातल्या शपथीसाठी कोनी घाना बंद ठेवते काय?" बाबा म्हणाले, "तिनं घेतली तवा खरी घेतली. म्या पाह्यलं. मंग मी काऊन खोटी करू?"

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. आनंदानं मला धड उभंही राहवत नव्हतं. शाळेची वेळ झाली तेव्हा मी वेणी घातली नाही. दप्तर घेतलं आणि मोकळे केस पाठीवर सोडून भर बाजारातून चालत गेले. आमच्याकडे पोरीनं असं बाहेर पडणं म्हणजे मोठाच बोभाटा. पण भगवानकाका पोस्टाच्या पायरीवर उभे होते, ते बाजूला झाले आणि त्यांनी मला वाट दिली.